घडाघडा वाचतो, पण उतारा कळत नाही

प्रश्न: मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्रजीला. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मराठी घडाघडा वाचतो, कुठे अडखळत नाही. पण अपठित उतारा आला की आठपैकी दोन-तीन गुण. 'समजलं का' विचारलं की हो म्हणतो. इतिहास-भूगोलाचंही तेच. धडा वाचून होतो आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. क्लास लावू, की घरी काही करता येईल?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी 'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. सव्वीस वर्षं मराठी शिकवतेय. पहिली अकरा वर्षं निफाड-दिंडोरीकडच्या जिल्हा परिषद शाळांत गेली, पुढची नाशिक शहरात. 'समजलं का' विचारलं की चाळीस माना एकदम हलतात, हे दोन्हीकडे सारखंच. मुलं खोटं बोलत नसतात. डोळे शेवटच्या ओळीपर्यंत गेले, मध्ये एकही शब्द अडला नाही, की त्यांच्या लेखी समजलं. ही समजूत आपणच करून दिलेली असते. पहिली-दुसरीत न अडखळता मोठ्याने वाचलं की शाबासकी मिळते, आणि ते त्या वयात ठीकच आहे. 'असर' या देशभरातल्या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या चाचणीतही मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं एकेक वाचायला देतात. तुमचा मुलगा त्यात वरच्या पायरीवर बसेल. पण चौथीनंतर वाचनाचं काम बदलतं, आणि हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं.

आज रात्री त्याला हे वाचायला द्या:

"एका निळगडावर तीन फुरंगे चिकमत होते. त्यांपैकी धाकटा फुरंगा अचानक गुंगटला. ते पाहून बाकीचे दोघे झरंगात लपले."

आता विचारा: निळगडावर किती फुरंगे चिकमत होते? कोण गुंगटला? बाकीचे कुठे लपले? तिन्ही उत्तरं बरोबर येतील. शब्द सगळे माझ्या मनचे आहेत, अर्थ शून्य, तरी तीनपैकी तीन. मुलं यावर खूप हसतात. मग मी विचारते, "आता सांगा, फुरंगा दिसतो कसा?" तेव्हा वर्ग गप्प होतो. आपण वर्षानुवर्षं जे प्रश्न विचारतो ते बहुतेक असेच असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरवायचं, झालं. तुमच्या मुलाला मिळणारे दोन-तीन गुण याच कामाचे असणार. बाकीचे प्रश्न उताऱ्यात सापडत नाहीत, म्हणून तो काहीतरी जवळचं वाक्य लिहून येतो.

(हे माझ्याही हातून झालंय. सुरुवातीच्या वर्षांत मी धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे आणि मुलांकडून पाठ करून घ्यायचे. निकाल उत्तम लागायचा. वर्गातल्या एका हुशार मुलीला तोच धडा मी थोड्या वेगळ्या प्रश्नांनी विचारला, तर ती म्हणाली, "बाई, हा प्रश्न तुम्ही दिलाच नव्हता." त्या वेळी मला तिचाच राग आला होता.)

उपाय करण्याआधी अडचण कुठे आहे ते पाहू. गॉफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. यावरून घरच्या घरी तपासणी करता येते. त्याच्या इयत्तेचे, त्याने न वाचलेले दोन परिच्छेद घ्या. एक तुम्ही वाचून दाखवा आणि काय झालं ते तोंडी विचारा. दुसरा त्याला मनात वाचू द्या आणि तसंच विचारा. ऐकलेलं छान सांगितलं, वाचलेलं नाही, तर सगळी ताकद अक्षरांवर खर्च होतेय. बाहेरून 'घडाघडा' वाटलं तरी जोडाक्षरं जुळवतानाच डोकं दमतं, वाक्याच्या शेवटापर्यंत येताना सुरुवात निसटून जाते. अशा मुलाला सोपं पुस्तक द्या आणि तोच परिच्छेद दोन-तीन दिवस पुन्हा वाचू द्या. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त अडत असतील तर ते पुस्तक त्याच्यासाठी आत्ता नाही. बरेच महिने करूनही वेग येत नसेल, लिहिताना अक्षरं गळत असतील, तर आधी डोळे तपासा आणि मग अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुमच्या मुलाला ऐकलेलंही नीट सांगता येणार नाही. म्हणजे घोडं भाषेपाशी किंवा माहितीपाशी अडलंय. पुढचं सगळं त्यासाठी.

मी वर्गात वापरण्यासाठी लिहिलेला एक छोटा उतारा देते.

"फेब्रुवारीची रात्र होती. आबांनी आभाळाकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. गाडी उद्या सकाळी येणार होती. घरात कुणी जेवलं नाही. पहाटे पत्र्यावर पहिला आवाज झाला तशी आई उठून देवापाशी जाऊन बसली."

पाच वाक्यं, एकही अवघड शब्द नाही. गंगापूर रोडच्या शाळेत पहिल्यांदा वाचला तेव्हा एका मुलाने सांगितलं, "आबा गावाला चाललेत, त्यांनी ओला बुक केलीय." दुसरी म्हणाली, चोर आले, पत्र्यावर चढले. चोरवालीला मी दाद दिली, तिने निदान जोडायचा प्रयत्न केला होता. 'घरात कुणी जेवलं नाही' याला कारण काय, तर 'भूक नव्हती'. हाच उतारा निफाडकडच्या एका शाळेत नेला. वर्गातला सगळ्यांत अडखळत वाचणारा मुलगा, 'आभाळाकडे' हा शब्दसुद्धा दोनदा तोडून वाचला, पण संपताच म्हणाला, "गारा पडल्या बाई. बाग गेली." द्राक्षांचा शब्द उताऱ्यात नाही, गारांचाही नाही. पण फेब्रुवारी म्हणजे माल तयार, गाडी म्हणजे व्यापाऱ्याची, एक रात्र निघाली असती तर पैसे हातात होते, हे सगळं त्याच्या घरात घडलेलं. त्याने वाचलं पाच वाक्यांत आणि समजून घेतलं पंधरा वाक्यांचं.

असा अनुभव फक्त माझा नाही. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉल कशाला हवा? पावसाळ्यात 'दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी आलं' एवढी एक ओळ पेपरात वाचली की नाशिककराला गोदावरीचा पूर, गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी, सराफ बाजारातली धावपळ, सगळं दिसतं. लातूरच्या मुलाला फक्त एक मूर्ती दिसेल, पाण्यातली.

म्हणून माहिती वाढवणं हाही उताऱ्याचाच अभ्यास आहे. रविवारी त्याला नांदूर मध्यमेश्वरला घेऊन जा. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पाणथळ, स्थलांतर, गाळ, बंधारा हे चार शब्द तिथे उभं राहून कळले की भूगोलाचे दोन धडे निम्मे होतात. भाजी आणताना लासलगावला कांद्याचा लिलाव कसा चालतो ते बोला. धडा वाचायच्या आधी पाच मिनिटं त्या विषयावर गप्पा मारा, नकाशा काढून ठेवा. हे 'वाचन' वाटत नाही, पण वाचनासाठीच आहे.

आता आबांच्या उताऱ्याकडे परत. शहरातल्या मुलांचं चुकलं ते गारा ओळखता आल्या नाहीत म्हणून नाही. ते ज्ञान नव्हतं, ठीक आहे. चुकलं हे की 'ओला बुक केली' म्हणणाऱ्याला पुढचं वाक्य टोचलं नाही. गावाला जायचंय तर कुणी जेवलं का नाही? आई देवापाशी का बसली? चित्र जुळत नव्हतं आणि ते जुळत नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. वाचताना 'थांब, हे मला कळलेलं नाही' अशी आतून टोचणी लागणं. ज्या मुलाला ही टोचणी लागते त्याच्यासाठी बाकी उपाय सोपे आहेत, कारण तो मागे जाईल, विचारेल, शब्दकोश उघडेल. ज्याला लागत नाही त्याच्या हातात कितीही तंत्रं द्या, ती कधी वापरायची हेच त्याला कळणार नाही.

एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मुलांना मुद्दाम विसंगत परिच्छेद दिले होते. एकात लिहिलं होतं की समुद्राच्या तळाशी मिट्ट काळोख असतो, आणि थोडं पुढे, तिथले मासे अन्न रंगावरून ओळखतात. सहावीपर्यंतच्या पुष्कळ मुलांना त्यात काही खटकलं नाही. तुमचा मुलगा एकटा नाही.

ही टोचणी लावता येते, आणि खेळातून पटकन लागते. मी त्याला 'खडा काढा' म्हणते, तांदळातला काढतो तसा. चार-पाच ओळी लिहायच्या आणि एक खडा टाकायचा: "आमच्या मळ्यातली विहीर फार जुनी आहे. उन्हाळ्यात ती ठणठणीत कोरडी पडते. पावसाळ्यात मात्र काठोकाठ भरते. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं रोज तिथे पोहतो." सुरुवातीला सांगून टाका की खडा आहे. आठवडाभराने सांगू नका. कधी असेल, कधी नसेल. मग त्याला तुमच्यासाठी खडा टाकलेला परिच्छेद लिहू द्या. तो लिहायला लागला की समजा वाट सापडली, कारण लपवायला आधी अर्थ धरावा लागतो. रोज दहा मिनिटं पुरतात, भांडी घासताना तोंडीही होतं.

दुसरी सवय पेन्सिलीची. वाचताना जिथे अडेल तिथे समासात बारीक प्रश्नचिन्ह. बस. रंगीत पेनाने रेघा मारायला देऊ नका. मुलं सगळं पान पिवळं करून टाकतात आणि अभ्यास झाल्याचं समाधान तेवढं मिळतं. मात्र एक अट: पानावर एकही प्रश्नचिन्ह नसेल तर 'वा, सगळं कळलं' म्हणू नका. मी वर्गात जास्त प्रश्नचिन्हं काढणाऱ्याला शाबासकी देते. आधी पालकांना हे उलटं वाटतं.

ही प्रश्नचिन्हं कुठे पडतात ते पाहिलं की मराठीच्या काही ठरलेल्या जागा दिसतात. आपण मोठे त्या सहज ओलांडतो, म्हणून मुलाचं तिथे अडतं हे आपल्या ध्यानात येत नाही.

एक म्हणजे कर्ता गाळणं. "बैल बांधून आबा घरात आले. हातपाय धुतले. कालची भाकरी तशीच होती. खाल्ली आणि निघाले." कोण निघाले, कुणी खाल्ली, हे वाचणाऱ्यानेच धरून ठेवायचं. आणि 'ती' म्हणजे कोण? "आईने सुमनला हाक मारली. दार उघडून ती बाहेर आली." बोट ठेवून विचारत जा, ही 'ती' कोण? इतिहासाच्या पुस्तकात 'त्यांनी', 'त्यामुळे', 'यावरून' यांची रांगच लागते. प्रत्येक 'त्यामुळे' पाशी थांबून 'कशामुळे?' विचारलं तरी अर्धा धडा सुटतो.

दुसरं, सामान्यरूप. 'देवळात' शब्द अडला म्हणून मुलगा शब्दकोशात 'देवळ' शोधतो. सापडणार कसा? मूळ शब्द देऊळ. कणसाला-कणीस, विंचवाला-विंचू, पावसात-पाऊस. आपल्याकडे मुलांना शब्दकोश भेट देतात, पण त्यात शब्द शोधायचा कसा हे शिकवत नाहीत.

तिसऱ्या जागेवर माझा फार जीव आहे: छोटे, नजरेतून सुटणारे शब्द. 'पाणी रोज येतं' आणि 'पाणी म्हणे रोज येतं'. एका 'म्हणे'ने बोलणाऱ्याचा विश्वास उडाला. 'तो थोडाच येणार आहे' म्हणजे तो येणार नाही, मुलं त्याचा अर्थ 'थोडा वेळ येणार' असा लावतात. 'साखरेशिवाय चहा' यात साखर नाही, 'चहा घेतला, शिवाय दोन बिस्किटं' यात बिस्किटं आहेत. 'तरी', 'परंतु', 'जणू', 'अन्यथा', 'खेरीज' या शब्दांवर वाक्य वळण घेतं. मुलाला वळण दिसलं नाही की तो सरळ जातो, आणि उत्तर बरोबर उलटं येतं. अपठित उताऱ्यातले 'सोपे' वाटणारे गुण इथेच जातात. तुमच्या घरात अहिराणी बोलत असाल तर हे आणखी जपा. सटाणा-मालेगावकडची मुलं किंवा पेठ-सुरगाण्याची कोकणा बोलणारी मुलं पुस्तकी मराठी दुसऱ्या भाषेसारखीच शिकतात. त्यांच्या समजुतीत काही उणं नसतं, वाक्यं जोडणाऱ्या या छोट्या शब्दांची सवय नसते. घरची बोली बंद करू नका. उतारा काय म्हणतोय ते त्याला अहिराणीत सांगू द्या. सांगता आलं म्हणजे कळलं.

आता रोजचा पाठ. पालिन्सर आणि ब्राऊन यांची १९८४ ची एक पद्धत आहे, त्यात मुलं आणि शिक्षक आळीपाळीने 'मास्तर' होतात. घरी दोघांत छान जमते. एक परिच्छेद दोघांनी मनात वाचायचा. मग ज्याची पाळी तो चार कामं करतो: काय झालं ते एका वाक्यात सांगतो, काय अडलं ते सांगतो, समोरच्याला एक प्रश्न विचारतो, पुढे काय येईल त्याचा अंदाज करतो. पुढच्या परिच्छेदाला पाळी बदलते. यात दोन गोष्टी सांभाळा. तुमची पाळी असेल तेव्हा तुम्हाला खरोखर अडलेलं सांगा. नाटक करू नका, मुलांना लगेच कळतं. सहावीच्या विज्ञानातही मोठ्यांना अडतं, लाजू नका. आणि 'एका वाक्यात' म्हणजे एकाच वाक्यात. मुलं पहिलं वाक्य वाचून दाखवतात, ते चालवून घ्यायचं नाही. पुस्तक पालथं ठेवून सांगायला लावा. सुरुवातीला आठवडाभर तो 'माहीत नाही' म्हणेल आणि तुमचा संयम सुटेल. सुटला तर त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवा.

प्रश्नांबद्दल वर्गात मी तीन शब्द वापरते: ओळीतला, ओळींमधला, डोक्यातला. 'गाडी कधी येणार होती?' ओळीतला. 'कुणी जेवलं का नाही?' ओळींमधला, दोन-तीन वाक्यं जोडून मिळतो. 'आबांच्या जागी तुम्ही असता तर?' डोक्यातला. मुलाने आधी प्रश्नाची जात सांगायची, मग उत्तर. पुढे नववी-दहावीच्या कृतिपत्रिकेत चौकटी आणि आकृत्या भरताना ओळीतल्यावर भागतं, पण 'स्वमत' आलं की मुलं उताऱ्यातली वाक्यं उतरवतात, कारण तिसऱ्या जातीची सवयच नसते.

आधी प्रश्न वाचायचे की उतारा, यावर शिक्षकांत वाद आहे. शिष्यवृत्तीच्या तयारीत सर्रास 'आधी प्रश्न' सांगतात. पर्यायी प्रश्न आणि घड्याळ समोर असताना तयार वाचकाला त्याचा फायदा होतो, हे मला मान्य आहे. पण तुमचा मुलगा आत्ता फुरंगे शोधणारा आहे. त्याला आधी प्रश्न दिले तर तो तेच करत राहील. निदान हे वर्ष घरी प्रश्न झाकून ठेवा.

पुस्तकांचं थोडक्यात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, लेख लहान आणि विषय नाना तऱ्हेचे, उताऱ्याच्या सरावाला अगदी मापाचे. सार्वजनिक वाचनालय आपल्या शहरात १८४० पासून आहे, तिथे त्याला घेऊन जा आणि पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या. क्रिकेटचं निवडलं तर क्रिकेटचं. घरी आल्यावर त्यावर प्रश्न विचारू नका. सगळंच वाचन तपासायचं नसतं.

राहिला क्लास. लावायचाच असेल तर पहिल्या दिवशी तिथल्या बाईंच्या हातात आबांचा उतारा ठेवा आणि यावर मुलांना कोणते प्रश्न विचाराल ते विचारा. 'गाडी कधी येणार होती?' एवढाच आला, तर फी वाचवा आणि त्या पैशांत दोन वर्षांचं 'किशोर' लावा.